मामाची नक्कल

२ जून
इस्पितळातल्या उशांविरुद्ध कुणीतरी आवाज उठवायला हवा, आणि तो मी उठवतो आहे. मला दिलेली उशी इतकी मरतुकडी आहे की तिच्यावर डोकं ठेवताना संकोच वाटतो. बाकी खोली झकास. मोठी खिडकी, बोलक्या नर्सबाई, आणि पाणी हवं तेवढं. पाणी तर मी हौदच्या हौद रिचवतो आहे, तरी तहान भागत नाही. नडग्या ठणकतात, मूत्रपिंडं कामचुकारपणा करतात. हाडांचे डॉक्टर हाडं बघून गेले, मूत्रपिंडांचे मूत्रपिंडं. दोन्ही मालांचा मालक एकच आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

५ जून
स्कॅनमध्ये दोन्ही मूत्रपिंडांभोवती जाड वेढा दिसला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: रक्तातल्या ज्या पेशींनी शरीराची राखण करायची, त्याच बेसुमार वाढून हाडांत आणि मूत्रपिंडांभोवती ठाण मांडून बसल्या आहेत. आजार फार दुर्मीळ. मी म्हटलं, चला, पन्नाशीत का होईना, माझ्यात काहीतरी दुर्मीळ सापडलं. ताई हसता हसता डोळे पुसू लागली. थोरली बहीण, मला तेवढीच.
मूत्रपिंडाजवळून सुईने काढलेल्या तुकड्यात नुसती सूज निघाली. आता नडगीच्या हाडाचा तुकडा तपासायला गेलाय. पेशींतला बिघाड ओळखीचा निघाला तर त्यावर नेमकी गोळी आहे म्हणे. मात्र पेशी मेंदूत शिरल्याची खूण दिसली, तर अहवालाची वाट न बघता औषध सुरू करायचं. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही.

९ जून
व्हरांड्यात झोकांडी गेली. भिंत धरली. ताई खो खो हसली. पुरे झाला तुझा मामा, म्हणाली. आमचा मामा पिऊन घरी यायचा, त्याची नक्कल मी शाळेपासून करतो. घरात चार पाहुणे जमले की फर्माईश ठरलेली. मीही हसलो.
पण मी नक्कल करत नव्हतो.

११ जून
जीभ जड. शब्द मामाच्या तोंडून आल्यासारखे येतात. डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, हे असं कधीपासून बोलतात? ताई कौतुकाने म्हणाली, "लहानपणापासून. वात्रटच आहे मेला."
मी मध्ये बोलायला गेलो. शब्द घरंगळले. दोघी हसल्या.

१२ जून
कागदावर लिहून दाखवलं — हे खोटं नाही. ताईने वाचलं. म्हणाली, अक्षरसुद्धा मामाचं काढलंस की रे.

१४ जून
लघवी जवळजवळ बंद. ताई हसते, पण हसताना नजर चुकवते. तिला कळलंय. नक्कल आहे म्हटलं की तिचा भाऊ अजून धडधाकट —
तिच्याकडून कसं काढून घेऊ ते.

१५ जून
आरशात मामा. मी थांबलो. तो डुलतोच आहे —

१६ जून
नर्सबाई रोज सकाळी विचारतात, कसं वाटतंय. रोज चुटका सांगून पिटाळलं. एक खरं उत्तर देणं लागत होतो.
आज दिलं. एकेक शब्द, सावकाश.
"नक्कल नाही. खरं आहे. भीती वाटते."
हसल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंना फोन लावतायत. दुसऱ्या हाताने माझा लिहिता हात धर—