दुसऱ्या धड्यासाठी पेटी परत मिळावी

प्रति,
मा. परवाना निरीक्षक (बिनतारी यंत्रे),
विभागीय कचेरी, कुंभकोणम्.

विषय : जप्त केलेली गुणगुणती पेटी परत मिळण्याबाबत.
संदर्भ : जप्तीची पावती, दि. १९ जुलै १९५६. अर्जदाराचे आधीचे तीन अर्ज, उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार सेतूराव, वय ४१, जन्मांध, धंदा विड्याच्या पानांच्या कवळ्या बांधणे. आधीचे तीन अर्ज तमिळमध्ये झाले. आपण घरी मराठीच बोलता असे कळल्यावरून हा चौथा आपल्या भाषेत लिहवून घेतला आहे.

१. अर्जदाराने चेहरा कधी पाहिला नाही, म्हणून चेहऱ्याने काय काय करायचे असते हे त्यास ठाऊक नव्हते. लग्नाला चौदा वर्षे झाली. पत्नी मीनाक्षीबाई म्हणत, "तुमच्यापेक्षा भिंत बरी. तिच्यावर निदान पाल तरी चुकचुकते."

२. मेहुणे शामसुंदर रेडिओ दुरुस्त करतात. बहिणीचे बोलणे ऐकून त्यांनी जुन्या रेडिओच्या भागांची एक पेटी जुळवली. तिच्या तारांना दोन पत्र्या. त्या गालावर चिकटवायच्या. गाल ताणला की पेटी गुणगुणते, सैल सोडला की गप्प. सूर चढवत चढवत अर्जदार तीन आठवड्यांत हसू शिकला. ते नीट जमले तेव्हा मीनाक्षीबाई पानांवर पाणी शिंपडत होत्या. शिंपडणे थांबले. त्या म्हणाल्या, "असेच राहा थोडे."

३. शामसुंदरांचे म्हणणे, हसू गालात आणि दुःख कपाळात. शुक्रवारी पत्र्या कपाळावर लावून दुसरा धडा व्हायचा होता. गुरुवारी आपले शिपाई आले व बिनपरवाना रेडिओ म्हणून पेटी घेऊन गेले. हिच्यावर कोणते स्टेशन लागते, असे त्यांनी विचारले. एकच लागते, अर्जदार स्वतः, असे खरे ते सांगितले. ती थट्टा समजली गेली. दुसरी पेटी करू नये, असा हुकूम पावतीवरच आहे.

४. पुढच्या महिन्यात पापनाशम् येथे सासूबाई वारल्या. पानात काय कुठे वाढले आहे ते त्या अर्जदाराचे बोट धरून दाखवीत. तेराव्याला, भरल्या घरात, आपल्यालाही वाटते आहे हे कळावे म्हणून अर्जदाराने चेहऱ्याने जे एक करता येत होते ते केले. मीनाक्षीबाई तेव्हापासून माहेरीच आहेत. भावाने समजावले. त्या म्हणाल्या, कळते सगळे, पण ते तोंड डोळ्यांपुढून हलत नाही.

५. आपल्या कचेरीतही अर्जदार आदराने हसतच उभा राहतो. कारकुनांना तो उर्मटपणा वाटतो आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. या खेपेस तो तोंडावर उपरणे धरून आला आहे.

६. सबब विनंती, की पेटी एक महिना द्यावी. घरी देता येत नसल्यास कचेरीच्या पडवीत, शिपायाच्या नजरेखाली, रोज अर्धा तास लावू द्यावी. हसू नको, ते झाले आहे. इतरांच्या कपाळी दुःख आयते लिहिलेले असते. अर्जदारास ते शिकून घ्यावे लागत आहे. शिकला की तो पापनाशम्‌ला जाऊन दारात उभा राहील, न बोलता. मग पेटी सरकारजमा केली तरी तक्रार नाही.

आपल्या दारी खेपा घालणारा
नम्र अर्जदार,
सेतूराव (डाव्या अंगठ्याची निशाणी)
कुंभकोणम्, दि. २४ सप्टेंबर १९५६

सोबत : जप्तीची पावती; शामसुंदर यांनी काढलेला पेटीचा नकाशा.

लिहिणाराचा शेरा : अर्ज अर्जदारास वाचून दाखविला. ऐकताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते. चेहरा हसरा होता.