ब्याऐंशी थर

५ फेब्रुवारी, दुपार

माझ्या लाडक्या भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही मजेत. माझे गुडघे कुरकुरतात, तुझे आजोबाही. नेहमीप्रमाणे मी बोलतेय, ते लिहितायत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मी भरभर बोलते अशी तक्रार. तीही लिहा म्हटलं.

ध्रुवावरच्या तुझ्या छावणीतून आलेलं पत्र त्यांनी तीनदा वाचून दाखवलं. ते जड पाणी, हलकं पाणी मला कळलं बरं का! वाफ ध्रुवाकडे निघाली की जड पाणी वाटेतच गळतं, मी जिन्यात मध्येच बसकण मारते तसं. गारठा जितका जास्त, तितकं ते पोचतं कमी. म्हणून उन्हाळ्याचा बर्फ जरा जड, हिवाळ्याचा हलका. अशा थरांच्या जोड्या मोजत बर्फात खाली उतरायचं, एका जोडीला एक वर्ष. मला अक्षर येत नाही, पण हे मी वाचलं असतं.

आता तू विचारलंस ते. हो, माझी आईच सांगायची. मी झाले त्या वर्षी कुठलासा आगीचा डोंगर फुटला होता. संध्याकाळचं आभाळ महिनोन्‌महिने लालभडक, आणि पुढे उन्हाळा असा आलाच नाही. मला शेगडीजवळ टोपलीत ठेवायचे. तुला बर्फात तीच राख सापडली म्हणतेस, आणि तिच्या लगेच वरची दोन वर्षं कडाक्याची. तिथून आजपर्यंत मोजलीस. ब्याऐंशी.

शेजारणीने नवे पडदे लावलेत. भडक आहेत.

आजोबा म्हणतात, "विषय बदलू नकोस. मी एकोणऐंशीचा, आणि तू माझ्याहून तीन वर्षांनी लहान ना?"

बरं, लिहा. लग्न ठरताना ह्यांच्या घरच्यांना मुलगी लहान हवी होती. माझ्या मामाने सहा वर्षं उतरवली. मी गप्प राहिले, कारण मुलगा मला आवडला होता. आधी भीती वाटायची, मग लाज, मग सवयच झाली. हे "मोठ्यांचं ऐकावं" म्हणाले की मी ऐकायचे, हसू दाबून.

इथे पेन थांबलं. हे उठले. पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि म्हणाले, "माझ्या काकांनी माझी दोन वाढवली होती."

भिंगरे, मी पाच वर्षांनी मोठी! साठ वर्षं एका पोराने मला दटावलं गं!

हसून हसून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली डाग पडलाय. जड की हलकं, तपासून कळव.

तुझी, घरात सगळ्यांत मोठी,
आजी

(मोठ्यांचं ऐकावं, म्हणून सगळं जसंच्या तसं लिहिलं. – आजोबा)