दार लावून घेतलेला वर्ग

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेले की मला रडू येतं, म्हणून लिहितेय. यांचा ताप उतरला, पण ऐकू येणं काही परत आलं नाही. जन्मभर तिकिटं फाडता फाडता अख्ख्या बसशी गप्पा मारणारा माणूस आता माझ्या ओठांकडे बघत बसतो. मी पाटीवर लिहिते. जेवण, औषध, पाणी गेलं, एवढंच. पाटीवर भांडता येत नाही रे, आणि थट्टा लिहीपर्यंत शिळी होते.

हे एका केंद्रात जाऊन हातांची भाषा शिकताहेत. तूही चल म्हणाले, तर मी शिवणाच्या कामाचं निमित्त सांगितलं. चारचौघांत हात हलवायची लाज वाटली. आता मात्र गुपचूप मोबाइलवरच्या वर्गात नाव घातलंय. पहिल्या दिवशी चौकोनाचौकोनांतून माणसं माझ्याकडे बघायला लागली, तशी घाबरून मी मोबाइल उशीखाली सारला. कॅमेरा बंद ठेवता येतो हे नंतर कळलं. दुपारी शिवणाच्या खोलीचं दार लावते नि शिकते. यांना इतक्यात सांगू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ताई

६ मे

ती. ताईस सा. न.

वि. वि. तीन महिने झाले तरी तुझा कॅमेरा बंदच, हे वाचून हसू आलं. वर्गात बुरखा घेऊन बसलेली विद्यार्थिनी तूच एकटी असशील.

पण आता थट्टा पुरे. दाजींचा फोन आला होता. ऐकू येत नाही तरी लावतात, मी बोलतो तू ऐक म्हणतात, नि मनातलं सांगून ठेवून देतात. परवा म्हणाले, तुझी ताई दुपारची दार लावून घेते, माझ्या बहिरेपणाला कंटाळली बिचारी, तिचा काही दोष नाही. मी इकडून ओरडून खरं काय ते सांगितलं. काय उपयोग! गॅरेजमधले सगळे हातातले पाने ठेवून माझ्याकडे बघायला लागले. ताई, जेवढं येतं तेवढं आजच्या आज दाखव. चुकलीस तर हसतील. हसू देत ना.

धाकट्यावर माया असावी.

तुझा भाऊ

१४ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दार उघडून त्यांच्यापुढे जाऊन उभीही राहिले, पण हात वर होईनात. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. कच्चे टाके घातलेला कपडा मी कधी गिऱ्हाइकाला दाखवला नाही. दाजी काय गिऱ्हाईक आहेत का, असं तू म्हणशील. पण ते इतकं सफाईदार शिकलेत, त्यांच्यासमोर अडखळायचं कसं?

शनिवारी परीक्षा आहे. ती झाली की संध्याकाळी चहा ठेवीन, पाटी उचलून फडताळात टाकीन आणि समोर बसून हातांनी विचारीन, आज दिवसभर काय काय झालं ते सांगा. मग पोटभर भांडूसुद्धा. एवढा आठवडा कळ काढ.

माया आहेच, ती वाढू दे.

ताई

३ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू परत गेलास आणि घर खायला उठलं. सगळे होते तेव्हा तुला सांगता आलं नाही, ते आता सांगते. त्या गुरुवारी सकाळी यांनी छातीवर हात ठेवला, तेव्हा ही कुठली खूण, असं वाटून मी क्षणभर आठवत राहिले. मग ते कलंडले. शनिवार त्यांना मिळालाच नाही रे.

आज दुपारी कुठे जावं सुचेना, म्हणून दार उघडं टाकून वर्गात बसले. राहिलेली परीक्षा आजच देता का, असं शिक्षिकेने विचारलं. मी कॅमेरा लावला. भीती कसली ती वाटलीच नाही. घरच्यांची ओळख करून द्या म्हणाल्या. मी हातांनी सांगितलं की माझे यजमान बसमध्ये कंडक्टर होते, फार बोलके होते, ते गेले. कुठे अडले नाही. चौकोनांतली सगळी माणसं हातांनी धीर द्यायला लागली, आणि एकूण एक शब्द मला कळला.

शिक्षिकेचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, इतका स्वच्छ हात आहे तुमचा, घरी कुणाशी बोलून सराव केलात?

कुणाशीच नाही, असं मी सांगितलं. तेही अगदी नीट आलं.

तुझा लोभ तेवढा माझ्यापाशी राहू दे.

तुझी ताई