गिटारला बसवलेली हिरडी

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी डावा हात सध्या कामाबाहेर आहे, तेव्हा हा साडेसात अंगांनी केलेला समजावा.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचं ब्लडप्रेशर तू घरात असलास की वाढतं, हे डॉक्टरांच्या अजून लक्षात आलं की नाही? आम्ही इकडे ठीक. फोन सोडून पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, आणि मी बोलायला लागलो की तुझी भावजय हटकून शेजारी येऊन कपड्यांच्या घड्या घालत बसते.

तर विषय तुझ्या गिटारचा. पाच महिन्यांपूर्वी ती माळ्यावरून काढून माझ्या हातात देताना तू म्हणालास की वस्तू अव्वल आहे, वाजवणाऱ्यात दम हवा. पुढे मी तक्रार केली, की दांड्याच्या पहिल्या घरात एक बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तेव्हा तू हसलास आणि म्हणालास, कवळ्या घासून घासून तुझी बोटं बोथट झालीत. दादा, गेली अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या बनवतो. या बोथट बोटांच्या जिवावर निदान दीडशे म्हातारी माणसं आज सफरचंद चावून खातायत. माझं सोड, तू त्यांचा अपमान केलास.

मला गिटार कशाला हवी होती हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून हिनं गाणं सोडलंय. डॉक्टर म्हणतात आवाज थोडा खाली उतरलाय, एवढंच. रोज दहा मिनिटं हलकं गात जा. ही म्हणते, बघू. जी बाई भांडी घासताना, केस विंचरताना, इतकंच काय माझ्याशी भांडतानाही मध्येच थांबून एखादी ओळ गुणगुणायची, तिच्या घरात आता गळका नळ ऐकू येतो. मला ते सोसत नाही, दादा. म्हणून मी म्हटलं, मी बाजूला बसून हळू वाजवतो, तू गा. आणि ती (बहुधा मला हे या जन्मात जमणार नाही अशा खात्रीने) हो म्हणाली. एक गाणं ठरलं, तिच्या आताच्या गळ्याला झेपेल अशी पट्टी ठरली, आणि त्या पट्टीत नेमका तो आडव्या बोटाचा कॉर्ड दर चौथ्या ओळीला वाट अडवून उभा.

मग सुरू झाले उपचार. वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एक रबरी चेंडू दिला आणि दोन्ही हातांनी दिवसातून तीनशे वेळा दाबायला सांगितलं. पंधरा दिवसांत माझी मूठ अशी तयार झाली की हस्तांदोलन केल्यावर एका दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे काम पाठवणं थांबवलं. गिटारवर मात्र काडीचा फरक नाही. गिटार शिकवणारे मास्तर (वय चोवीस, पण मास्तर म्हटलं नाही तर गाल फुगतात) म्हणाले, अंगठा चुकतोय. अंगठा सुधारला तर म्हणाले कोपर. कोपर सुधारलं तर म्हणाले, काका, तुमची खुर्चीच चुकतेय. चार खुर्च्या झाल्या, एक स्टूल झालं. वाद्यांच्या दुकानातल्या माणसाने एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली, दांडा सरळ असल्याचं सांगितलं आणि बारीक तारा चढवून दिल्या. त्या बोटांना कमी दुखायच्या बदल्यात जास्त कापायच्या. माझा त्याच्या डोळ्यावर विश्वास नव्हता म्हणून मी कामावरची स्टीलची पट्टी दांड्यावर आडवी-उभी टेकवून बघितली. दांडा खरंच सरळ निघाला. आपल्या घराण्यातली एवढी सरळ वस्तू मी प्रथमच पाहिली.

शेवटी मास्तरांनी, निव्वळ माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून, पहिल्या घरावर कॅपो लावला. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. आणि काय सांगू! त्याच्या पुढे बोट आडवं टाकलं तर तारा लोण्यात गेल्यासारख्या बसल्या. मी जागच्या जागी ओरडलो. म्हणजे बोटं शाबूत, अंगठा निर्दोष, खुर्च्या बिचाऱ्या उगाच बदनाम झाल्या. दोष होता दांड्याच्या टोकाला, ज्या खाचांमधून तारा खुंट्यांकडे जातात त्या पांढऱ्या तुकड्यात. त्याला नट म्हणतात. नट उंच, म्हणून तारा उंच, म्हणून मी चार महिने तारा नव्हे तर खिडकीचे गज दाबत होतो. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. कवळी उंच होते आणि माणूस जबड्याला शिव्या देतो.

पण कॅपो लावला की पट्टी अर्ध्या सुराने वर चढते. ते मला कळलं नाही, हिला पहिल्याच ओळीत कळलं. ती गायली, दादा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. तिसऱ्या ओळीला वरच्या सुरावर आवाज फाटला, ती थांबली, राहू दे म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. तांदूळ निवडलेलेच होते. मी तो चिमटा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी गिटार कामावर नेली. वरचा दात खालच्याला नेमका कुठे लागतो ते बघायला आमच्याकडे निळा कागद असतो. तो तारांखाली घातला, खाचा रंगवल्या आणि मशीनने घासायला घेतल्या. मी कधीच जास्त घासत नाही. त्या दिवशी घासलं. दोन तारा मधमाशीसारख्या गुणगुणायला लागल्या, म्हणून नट उपटून काढला, तर खाली काय सापडावं? तीन घड्या घातलेलं एक व्हिजिटिंग कार्ड. तुझं. कापताना बाकी सगळं गेलंय, फक्त "वरिष्ठ" एवढाच शब्द उरलाय. म्हणजे कधीतरी तार कुरकुरली म्हणून तू स्वतःच्या हाताने नट उंच केलास, मग तुला स्वतःलाच वाजवेना, आणि नोकरीच्या व्यापात कला मागे पडली असं गेली तीस वर्षं तू पाहुण्यांना सांगत आलास! मी हे वहिनींना कळवणार नाही. निदान या पत्रात नाही.

आता कार्ड काढलं तर घासलेला नट फारच खाली जात होता, म्हणून मी नवा ओतला. दाताच्या रंगाचं सामान एका आजींच्या पुढच्या सहा दातांसाठी राखलेलं होतं, शिल्लक होतं ते हिरडीचं. तेव्हा तुझ्या गिटारला आता गुलाबी हिरडी आहे, दचकू नकोस. पण ती अशी चपखल बसलीय की आडवं बोट टाकलं की सहाही तारा शहाण्यासारख्या वाजतात. मास्तरांना दाखवली तर ते म्हणाले, काका, सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून कॅपो लावला असता तरी भागलं असतं. हे त्यांनी मला हिरडी बसवल्यानंतर सांगितलं. मी त्यांना काही केलं नाही, फक्त जाताना हात मिळवला.

असो. गिटार उत्तम आहे, मीही आहे, आणि तुझ्याकडून मला काडीचीही अपेक्षा नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा बोथट भाऊ

ता. क. एक अपेक्षा आहे. नवी हिरडी बसून तीन आठवडे झाले, पण ही रोज म्हणते, आज नको. म्हणून मी तिला थाप मारलीय की तू गिटार परत मागतोयस आणि महिनाअखेर ती द्यावी लागणार. तेव्हा मला एक खरमरीत पत्र पाठव. नालायक, बेजबाबदार वगैरे तुझे नेहमीचे शब्द घाल, म्हणजे तिला संशय येणार नाही. गिटार जायच्या आत तरी ती गाईल.

ता. क. २. आणि ती गायली आणि तू ऐकलंस, तर पूर्वी कसा आवाज होता ते काढू नकोस. एवढं कर. पाकीट नीट चिकटवून टपालात टाकायला तिच्याकडेच देतोय.

ता. क. ३. भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायचं हे विसरले. खरमरीत पत्र पाठवू नका, नालायक वगैरे मी इथे म्हणतेच. हे कामावर गेले की मी रोज दहा मिनिटं गाते. आवाज पूर्वीसारखा नाही, होणारही नाही. त्यावर माझं रडूनही झालं. यांच्यासमोर गात नव्हते, कारण यांना वाटतं गिटार दुरुस्त झाली की मीही होईन, आणि तसं नाही हे यांना दाखवायला जीव होत नव्हता. काल दाराआडून यांचं वाजवणं ऐकलं. हिरडी बसवूनही तो कॉर्ड दोनदा वाजवला तर एकदा चुकतो. एकदम हायसं वाटलं. आज संध्याकाळी गाणार आहे. यांना अजून सांगितलेलं नाही.