आधीच मानलेले आभार

१२ जाने., रविवार

आज चर्चमध्ये माझं 'उठवलंस' हे गाणं दोनदा झालं. एकदा उपासनेच्या सुरुवातीला, एकदा शेवटी, फर्माइशीवरून. मंडळीत नवीन माणूस आलं की हल्ली त्याला हेच ऐकवतात. मी पेटी वाजवली. बोटांना पाठ आहे. मधल्या कडव्याला मी मनात उद्याच्या ब्लाउजला अस्तर लावत होतो.

*उठवलंस प्रभू, तिला हाती धरून उठवलंस,*
*रिकाम्या घरात माझ्या माणूस परत पाठवलंस.*

गाणं मे महिन्यातलं. माझी बायको सुमन ऑगस्टमध्ये गेली. मंडळीत कुणालाच यात काही विचित्र वाटत नाही. मलाही वाटेनासं झालंय.

घरी येऊन कालची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. झोपलो.

१५ जाने., बुधवार

दुकानात शाळेच्या गॅदरिंगचे कपडे. परकर, धोतरं, एक वाघ. वाघाची शेपटी दोनदा उसवली.

दुपारी इंदापूरच्या मंडळीतल्या पोरांचा फोन. 'उठवलंस'चा व्हिडिओ त्यांनीच काढला होता. फेब्रुवारीत सभा आहेत, नवीन गाणं हवं. विषयही दिलाय: आनंद. "मास्तर, त्याच्यासारखंच अजून एक होऊ द्या की." मापाचा ब्लाउज टाकून जावं आणि असाच दुसरा शिवा म्हणावं, तसं.

हो म्हणालो. दुकान बंद करून पेटीवर बसलो. काही आलं नाही. दुःख वाटत असतं तर त्याचं तरी गाणं झालं असतं. दात काढायच्या आधी सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं अंगभर झालंय. चावा घेतला तरी कळायचं नाही.

१९ जाने., रविवार

उपासनेनंतर पास्टर चहाला आले. वयाने माझ्यापेक्षा लहान, मनाने चांगला माणूस. सुमनच्या आजारपणात आठवड्याआड दवाखान्यात यायचे. गाण्याचं मूळही त्यांचंच. म्हणाले होते, "मास्तर, मागत बसू नका. विश्वास असेल तर आधीच आभार माना. पेरायच्या आधी खळ्याचे आभार." मग सुमन डायलिसिसच्या खुर्चीत असताना मी शेजारच्या स्टुलावर बसून लिहिलं. ती बरी झाल्याचं, घरी आल्याचं. 'हाती धरून' हे तिने घालायला लावलं. पुरं झाल्यावर म्हणून दाखवलं, तर हसली. "आता मला बरं व्हावंच लागणार. नाहीतर तुमची फजिती."

आज पास्टरांना सरळ विचारलं, ते गाणं आता थांबवायचं का?

"ते तुमचं कुठं राहिलंय मास्तर? मंडळीचं झालंय." मग म्हणाले, "आणि प्रभूने तिला उठवलंच की. वर."

मी म्हटलं, चहा गार होतोय.

२३ जाने., गुरु.

अनोळखी नंबर. शेळगावहून एक बाई, कौसल्याबाई. व्हिडिओखाली पोरांनी माझा नंबर टाकलाय आणि वर 'साक्षगीत, खरी घटना' असं लिहून ठेवलंय. बाईंच्या पोरीचीही किडनी. अश्विनी नाव, बारावी झालीय. मंगळवारी आणि शुक्रवारी बारामतीला डायलिसिस. त्याच दवाखान्यात.

"आमी काय तुमच्यातलं न्हाय, दादा. आमचं बिरोबाचं घर. पर गाणं लई ऐकलं. बाईंस्नी येवढं घिऊन या. त्यांचा हात माज्या लेकीच्या डोक्यावर ठिवायचा हाय. बऱ्या झालेल्या माणसाचा हात."

तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हणालो, कळवतो.

का म्हणालो, कुणास ठाऊक. गिऱ्हाइकाला 'परवा या' म्हणायची जिभेला सवय झालीय, त्यातलंच असेल.

२६ जाने., रवि.

प्रीतीचा पुण्याहून फोन. लेक नर्स आहे, कुणालाही भीत नाही, बापाला तर नाहीच. तिला शेळगावच्या बाईंचं सांगितलं.

"पप्पा, सांगून टाका. आजच."

"सांगतो."

"जेवता का वेळेवर?"

"जेवतो."

दोन्ही उत्तरं एकाच आवाजात दिली. तिने ओळखलं असणार.

३० जाने., गुरु.

सांगायचं ठरवून मीच फोन लावला. कौसल्याबाईंनी मला तोंड उघडू दिलं नाही. दिवाळीनंतर पोरगी डायलिसिसला जायचंच नाही म्हणून बसली होती. सुया नकोत, मला मरू द्या म्हणायची. खोलीचं दार लावून घ्यायची. मग शेजारणीने मोबाईलवर गाणं लावलं.

"त्या दिसापास्नं जाती, दादा. गाडीत कानाला लावूनच बसती. बाई बऱ्या झाल्या, मंजी मी बी हुईन म्हनती. बाई घरात हायत का? येक सबूद बोलू द्या की."

मी म्हणालो, बाहेर गेली आहे.

फोन ठेवला. हातात कात्री होती. कापड पुढे ओढलं आणि कापलं. बाही उलटी कापली गेली. नवं कापड आणून द्यावं लागेल.

आता हे नुसतं माझ्या फजितीचं राहिलं नाही. मी खरं बोललो आणि ती पोर पुन्हा दार लावून बसली तर?

२ फेब्रु., रवि.

पास्टरांना गाठलं. सगळं सांगितलं. ते खुर्ची ओढून समोर बसले.

"खोटं बोला असं मी म्हणणार नाही."

"मग खरं सांगू?"

"सांगू नका असंही म्हणत नाही. पण आत्ता… मीच जाऊन हात ठेवून प्रार्थना करू का?"

"त्यांना सुमनचा हात हवाय."

खांद्यावर हात ठेवून गेले. पूर्वी त्यांचा राग तरी आला असता.

५ फेब्रु., बुध.

सभेचं गाणं. 'आनंद' या शब्दाखाली रेघ मारून ठेवली आहे, तेवढंच झालंय. इंदापूरला फोन करून नवीन नाही म्हणून सांगितलं. पोरगा उलट खूश झाला. "बरंच झालं मास्तर, मग शेवटच्या दिवशी उठवलंसच घेऊ. लोकांना तेच पायजे. मॅडमना पण आणा." ही इंदापूरची पोरं, सुमन गेली हे यांनाही माहीत नाही. यालाही काही बोललो नाही. एकाला टाळलं की दुसऱ्याला टाळणं सोपं जातं.

११ फेब्रु., मंगळ.

आज त्या दोघी आल्या. न कळवता, दवाखान्यातून थेट दुकानात. कौसल्याबाई काटक, मोठं कुंकू, हातात पिशवी. पिशवीत शेतातली मेथी आणि खपली गहू, बाईंसाठी. अश्विनी मागे उभी, डाव्या हाताला पट्टी. सुमनसारखाच रंग झालाय, मातकट.

घर दुकानाच्या मागेच. आत बसवलं. चहा टाकला. पोरीचा कप अर्धाच ओतला. या आजारात पाण्याचं माप असतं, विचारावं लागलं नाही.

समोरच्या भिंतीवर सुमनचा फोटो. आमच्यात फोटोला हार घालत नाहीत. सुमनलाही ते आवडायचं नाही, तिचंच म्हणणं होतं की फोटो हसरा लावा आणि वर काही लटकवू नका. खाली बारीक अक्षरात 'प्रभूमध्ये निजली' आणि तारीख, एवढंच आहे.

कौसल्याबाई उठून फोटोपाशी गेल्या. खालची ओळ त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांच्या घरात हार नसलेला फोटो म्हणजे जितं माणूस.

"ह्याच व्हय बाई? किती हसऱ्या हायत. बघ गं पोरी, दुखण्यातनं उठलेलं माणूस वाटतंय का?" आणि फोटोला हात लावून तो स्वतःच्या लेकीच्या कपाळाला लावला.

अश्विनी फोटोकडे बघत होती. तिचे डोळे खालच्या ओळीवर गेले. तिथंच राहिले. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मी चहाची गाळणी धुवायला घेतली. भेकड माणूस.

"कुठं गेल्यात बाई?" कौसल्याबाई मला विचारत होत्या.

"गावाला गेल्यात, आये," अश्विनी म्हणाली. "काकांनी मगाशी सांगितलं की. तुजं ध्यान कुठं असतंय."

मी काहीच सांगितलं नव्हतं.

जाताना कौसल्याबाई पायरीवरून म्हणाल्या, सभेला येणार हाय आमी, तितं गाठ पडंल बाईंची. अश्विनी मागे वळली नाही.

मेथी निवडली. करायची राहिली.

१४ फेब्रु., शुक्र.

दुपारी अश्विनीचा फोन. खुर्चीतून करत होती, मागे मशीनचा आवाज येत होता. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन.

"आय खाली गोळ्या आणाय गेलीया. काका, गाणं आधी लिहिलं का नंतर?"

"आधी."

"बाईंना ठावं हुतं?"

"त्यांच्यासमोर लिहिलं."

"त्या म्हणायच्या का?"

"म्हणायच्या. शेवटी शेवटी आवाज निघत नव्हता, तरी ओठ हलवायच्या."

मग मी विचारलं, तू आता येणं बंद करशील का?

"न्हाय. मी माज्यासाठी कुठं येतीया? आय उपास धरून बसली हुती, अन्नाला शिवंना. मी सुई टोचून घितली की जेवती. म्हणून गाणं आवडलं म्हनले. तिला सांगू नका, काका. ती त्या गाण्यावर उभी हाय."

"सभेत मला साक्ष द्यायला सांगणार आहेत, सुमन कशी बरी झाली त्याची."

"तुमी बघा," म्हणाली. "आय आली. ठिवती."

म्हणजे आई पोरीसाठी गाणं धरून आहे आणि पोर आईसाठी. आणि गाणारा मी, ज्याला काहीच वाटत नाही. सुमन असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. आज तिची फार आठवण आली. आठवण आली हे लिहून ठेवतो, कारण बरेच दिवस नुसती माहिती होती की ती नाही.

१७ फेब्रु., सोम.

काल सभा झाली. सकाळपासून लिहीन म्हणतोय, आता बसलो.

मांडव भरला होता. कौसल्याबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. शेजारी अश्विनी. पुकारा झाला: "आपले मास्तर आता साक्ष देतील आणि मग गीत." मी माईकपाशी उभा राहिलो. जाताना गाडीत ठरवलं होतं, सांगायचं. पहिलं वाक्यही तयार होतं. तोंड उघडलं आणि अश्विनीकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही.

साक्ष दिली नाही. पेटीवर बसलो.

पहिली ओळ म्हणालो. दुसऱ्या ओळीला, माणूस परत पाठवलंस, तिथं आवाज बसला. म्हणजे बसलाच, खोकून येईना. मांडवाने उचललं. सगळ्यात वर कौसल्याबाईंचा आवाज, रानात हाक मारतात तसा मोकळा, चाल सोडून. मी नुसती पेटी धरून होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

संपल्यावर त्या मांडवाच्या कडेला आल्या, पोरीला हाताला धरून.

"आज बी न्हाय आल्या बाई?"

"नाही."

"असू द्या. बाईमाणसाला घर सुटत न्हाय." मग माझं मनगट धरलं. "तवर तुमचा ठिवा. तुमच्याच हातानं केलंय न्हवं का त्यांचं समदं? गुण आला असंल त्यात."

हात अश्विनीच्या डोक्यावर ठेवला त्यांनी. डोकं उन्हाने तापलं होतं. केस विरळ, तेल लावलेले. मला एक प्रार्थना आठवेना. इतकी गाणी लिहिली, एक शब्द सापडेना. कौसल्याबाई डोळे मिटून, हात जोडून उभ्या. किती वेळ झाला असेल, आजूबाजूचे लोक सतरंज्या गुंडाळायला लागले होते.

अश्विनीचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होती.

"आमेन म्हणा, काका," ती हळूच म्हणाली. "आय थांबलीया."

आमेन म्हणालो.

उद्या मंगळवार. दवाखान्यातून दोघी इकडे येणार आहेत. फोटो अजून भिंतीवरच आहे, खालच्या ओळीसकट.