तिसरी पुकार

आष्टा, १९४४

चिरंजीव शांतवन,

बिगाऱ्याचा मिस्त्री झालो तो प्रत्येक पायरी चाचपून. म्हणूनच रविवारच्या उपासनेला देवळात पाळकांनी तुझ्या नि माझ्या मार्थाच्या लग्नाची तिसरी, शेवटची पुकार करून "कुणाची हरकत?" विचारलं, तेव्हा मी उठलो. तू लढाईवर निघालेला. लेक विधवा झाली तर, ही धास्ती. तुमची दोन वर्षं मी वाया घालवली.

तू रजेवर आलायस, पुन्हा निघणार, हे कानावर आलं. काल भिंतीआडून मार्थाची प्रार्थनाही ऐकली. वाटलं, तुलाच मागत असेल. ती म्हणत होती, "प्रभू, माझ्या बाबाचं भ्या काढ."

बायको म्हणाली, "आवं, आता तरी ऐका की!"

मी गुडघे टेकले, उद्याचा दिवस प्रभूच्या हवाली केला. भ्या गेलं, पस्तावा राहिला.

हे पत्र टाकत नाही. हरकत देवळात उभा राहून घेतली, माफीही रविवारी तिथंच उभा राहून मागेन.

सासरा व्हायला उशीर केलेला,
आकाराम मिस्त्री