साडेपाच तास पुढे

बाबा,

परवा सोमवारी, नऊ तारखेला, सकाळी बरोबर दहा वाजता मी संगणक सुरू केला आणि त्याने दुपारचे साडेतीन वाजल्याचे सांगितले. पडद्यावरची वेळ मी दुरुस्त केली. मंगळवारी पुन्हा तेच. पिपरी मेघेच्या या घरात दिवसभर माझ्यासमोर असते ते एवढे एकच यंत्र, आणि तेही खोटे बोलू लागले. ज्या दुकानदाराने त्यात लिनक्स घालून दिले त्याला मी फोनवर फैलावर घेतले. तो थंडपणे म्हणाला, "मॅडम, देतानी टाइम बराबर होता. तुमीच कायतरी करून ठेवलं असन." मी म्हटले, "सेवाग्रामच्या नोकरीत मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आहेत, मला शिकवू नका," आणि फोन ठेवला.

मग स्वतःच शोधत बसले. यंत्र जागे होताना कामांची एक यादी वाचते, तिला स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणतात. तिच्यातली एक ओळ आतल्या सेलवरच्या घड्याळाची वेळ ग्रीनिचची धरते आणि तीत आपले साडेपाच तास मिळवते. बरोबरच आहे ते. पण या रविवारी सेल बदलला तेव्हा आतल्या घड्याळात भारतीय वेळ भरली होती मीच, मोठ्या खात्रीने. यंत्र बिचारे रोज इमानाने बेरीज करत होते. दुकानदाराला परत फोन करायला हवा होता. केला नाही. तसाच फोन हातात धरून बसले आणि तुम्ही आठवलात.

सेलूच्या जिनिंगचा, कापसाच्या कारखान्याचा, भोंगा तुम्ही वाजवायचात. माझ्या कॉन्व्हेंटच्या संमेलनाच्या दिवशी तो दीड तास उशिरा वाजला. तुम्ही गजराचे घड्याळ घेऊन स्वयंपाकघरात उभे आहात, आई चुलीपाशी. "एक घड्याळ लावता येत नाई काय व तुले?" शेजारची काकू म्हणते, "पोरीनं फिरवलं असन." तुम्ही तिच्यावर खेकसता, "शिस्टरच्या शाळेत जाते थे. खोटं नाई बोलत!" मॅनेजरने तुम्हाला भोंग्यावरून काढून गाठी दाबायच्या खोलीत घातले. तिथल्या कापसाच्या धुळीत तुमची छाती गेली, आणि आई मरेपर्यंत दोष तिच्याच माथी राहिला.

काटे मी मागे केले होते. उशीर झाला की तुम्ही कामावर जाणारच नाही, वर्ध्याला संमेलनात माझी इंग्रजी कविता ऐकायला याल, असे मला वाटले. मी कविता म्हणत होते त्या वेळी तुम्ही मॅनेजरसमोर उभे होतात.

पण राग माझाही आहे, बाबा. आईला बोललात, काकूला बोललात, मला एकदाही विचारले नाहीत. हे पत्र कुठे पोचायचे नाही, एवढे मला कळते. विचारले असतेत तरी मी नाहीच म्हटले असते, हेही कळते. तरी विचारायला हवे होते. का विचारले नाहीत, याचे लेखी उत्तर मला येत्या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत हवे आहे.